रिलेशनल सुपरव्हिजन: काही महिने घेतल्यानंतर

दिवाळीनंतर मी रिलेशनल पद्धतीचं क्लिनिकल सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीसमोर आपल्या केसेस मांडून त्यावर बोलणं, घ्यायला लागले. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, खर्च स्वतःच्या खिशातून. मी बडोद्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) असताना दर आठवड्याला आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे शिक्षकांबरोबर एकटीची बैठक) व्हायची, फील्डवर्कचं रेकॉर्डिंग तपासलं जायचं. नोकरीत सुपरव्हिजन म्हणजे व्हिजिट किती झाल्या आणि फाइल पूर्ण आहे का, एवढंच. समाजकार्याचे अभ्यासक कडुशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. ऑफिसात पहिलं भरपूर मिळतं, बाकीची दोन चहाच्या वेळेला उरकतात.

या पद्धतीत केसबरोबर तुमचं आणि सुपरव्हायझरचं नातंही बोलण्यात येतं. ऐकायला अवघड वाटतं, म्हणून एक उदाहरण देते (तपशील बदलले आहेत). अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करणारी एक बाई दर भेटीत म्हणायची, "बेन, तमे ज कहो, हुं शुं करुं?" (ताई, तुम्हीच सांगा, मी काय करू?) मी सुचवलेलं काहीच तिला जमणारं नसायचं. ही केस मांडताना मी माझ्या सुपरव्हायझर ताईंना विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा ना." त्यांनी एक उपाय सांगितला, मी तो का जमणार नाही ते सांगितलं. दुसरा सांगितला, तोही मी मोडीत काढला. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आत्ता तुझा थोडा राग येतोय, आणि पटकन उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतंय. तुला तिच्यासमोर असंच होतं का?"

अगदी तसंच होत होतं. क्लायंटबरोबरचा गुंता सुपरव्हिजनच्या खोलीत पुन्हा उभा राहतो हे मनोविश्लेषक हॅरोल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्ये मांडलं, आणि 1958 मध्ये एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी त्याला 'पॅरलल प्रोसेस' म्हटलं. परीक्षेत यावर टीप लिहिली होती मी, गुणही बरे पडले होते. पण सुपरव्हायझर स्वतःचा राग टेबलावर ठेवते तेव्हा कळतं ते वेगळंच. पुढच्या भेटीत त्या बाईला उपाय सुचवायचं मी थांबवलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग नवऱ्यावरच्या चिडीबद्दल पहिल्यांदा बोलली.

सगळ्यात जड जातं ते मोठ्या माणसाला तोंडावर नाराजी सांगणं. एकदा ताई मधेच फोन बघत होत्या. आपल्याकडे अशा वेळी "असू दे" म्हणतात आणि घरी येऊन धुसफुसतात. मी पुढच्या वेळी सांगून टाकलं. त्यांनी सबब सांगितली नाही, मला काय वाटलं ते पूर्ण ऐकून घेतलं. हे जमणार नसेल, दोघींपैकी कुणालाही, तर या पद्धतीवर पैसे घालवू नका. नुसत्या छान गप्पा होतील.

बडोद्याची खास अडचणही आहे. इथलं मराठी वर्तुळ लहान. दांडिया बाजारात दोन घरं सोडून कुणाचा तरी मामा निघतोच. ताईंच्या जाऊबाई माझ्या मावशीच्या भिशीत आहेत! म्हणून सुरुवातीलाच लिहून घेतलं: क्लायंटचं नाव आणि सोसायटी सांगायची नाही, बाहेर भेट झाली तर केसचा विषय नाही, आणि बसायचं बंद खोलीत. कमाटी बागेतला बाक कितीही छान असला तरी नाही.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. एकदा बोलणं माझ्या आईपर्यंत पोचलं आणि मी तिथेच थांबवलं. ही थेरपी नाही. माझं घरचं केसशी जेवढं जोडलेलं तेवढंच. शिवाय काही वेळा नात्याचा पदर उलगडत बसायला वेळच नसतो. मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली, तर पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. तेव्हा "तुला काय वाटलं" नंतर, आधी कुणाला कळवायचं आणि मुलाला आज सुरक्षित कुठे ठेवायचं ते हवं. आता पहिली दहा मिनिटं अशा तातडीच्या कामांना द्यायची असं ठरवलं आहे.

नुकतीच एमएसडब्ल्यू झालेल्यांनी आधी कायदे, रेकॉर्डिंग, होम व्हिजिट शिकवणारं सुपरव्हिजन मिळवावं. चार-पाच वर्षं काम करून एकाच प्रकारच्या क्लायंटपाशी अडकणाऱ्यांना मी हे नक्की सुचवेन. मी चालू ठेवणार आहे. फी ऑफिसने द्यावी असा अर्ज केला आहे. साहेबांनी विचारलं, यातून किती केस क्लोज होतात?