जाहिरातीतल्या पहिल्या नोकरीसाठी बिहान्स: कामाचं आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच

एजन्सीत कॉपीरायटर (जाहिरातीचा मजकूर, म्हणजे कॉपी, लिहिणारा) किंवा आर्ट डायरेक्टर (तिचं दृश्य रूप ठरवणारा) म्हणून शिरायचं तर डिग्रीच्या आधी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, बघतात. तो मांडायला बिहान्स ही वेबसाइट सोपी जागा आहे. खातं फुकट, कोडिंगची गरज नाही, लिंक फोनवरही नीट उघडते. २०१२ पासून ही साइट अडोबीकडे आहे.

अडचण अशी की ती घडली आहे डिझायनरांसाठी. तिथं चित्र आधी दिसतं, विचार मागे राहतो. जाहिरातीत आधी विचार तपासला जातो. म्हणून प्रोजेक्टची सुरुवात मजकुराने करा. ब्रँडची अडचण दोन ओळींत, कल्पना एका ओळीत, मग पोस्टर, रेडिओ स्पॉट, बसस्टॉप. तिन्हींत कल्पना तीच हवी. एकच पोस्टर तीन रंगांत केलं म्हणजे कॅम्पेन, म्हणजे एका कल्पनेवरची जाहिरातमालिका, होत नाही. असे चार-पाच प्रोजेक्ट पुरेत. सहावा कच्चा असला तर तोच लक्षात राहतो.

प्रोजेक्टचं कव्हर, म्हणजे यादीत दिसणारं छोटं चित्र, किमान ८०८ × ६३२ पिक्सेलचं लागतं. त्यात अख्खं पोस्टर कोंबलं की फोनवर हेडलाइन मुंगीएवढी दिसते. पोस्टरचा एकच तुकडा मोठा करून लावा.

मराठी कॉपी असेल तर अपलोडआधी प्रत्येक अक्षर तपासा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप इंजिन (अक्षरं जुळवणारी सोय) लॅटिनवर राहिलं तर ‘किमान’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. तिथं प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा आणि नवी फाइल उघडून मजकूर पुन्हा टाका. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मोडलेली वेलांटी दिसली की पुढची कॉपी कुणी वाचत नाही, आणि ते रास्तच आहे.

स्वतःहून केलेलं काम असेल तर ‘सरावासाठी, ब्रँडशी संबंध नाही’ असं स्पष्ट लिहा. जोडीने केलं असेल तर जोडीदाराचं नाव क्रेडिटमध्ये घाला. इंटर्नशिपमधलं अजून प्रसिद्ध न झालेलं काम तर चढवूच नका.

ओळखी मात्र इथं फारशा होत नाहीत. ‘अ‍ॅप्रिशिएट’चे (बिहान्सवरच्या ‘लाइक’चे) निळे अंगठे बहुतेक इतर डिझायनरांकडून येतात, नोकरी देणाऱ्यांकडून क्वचितच. ओळखींसाठी आवडलेल्या कॅम्पेनची क्रेडिट यादी (ते कुणी केलं त्यांची नावं) काढा, त्यातला ज्युनियर कॉपीरायटर किंवा आर्ट डायरेक्टर लिंक्डइनवर शोधा. बड्या नावांना रोज ढीगभर मेसेज येतात. दोन-तीन वर्षं काम केलेली माणसं उत्तर देण्याची शक्यता जास्त. ‘ओपनिंग असेल तर कळवा’ असं लिहू नका. त्यांच्या एका जाहिरातीतल्या एका ओळीबद्दल नेमका प्रश्न विचारा, आपल्या एकाच प्रोजेक्टची लिंक द्या आणि त्यातलं काय काढून टाकावं एवढंच विचारा. उत्तर आलं तर तेवढा बदल करून आठवड्याभरात तीच लिंक पुन्हा पाठवा.