सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम : एका मधुमेही वापरकर्त्याचा अभिप्राय

मी पन्नाशी ओलांडलेला, टाइप २ मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींवर नियमित गोळ्या घेणारा आहे. हा अभिप्राय त्याच दृष्टीने वाचावा, कारण निरोगी माणसाला या औषधाचा जो अनुभव येतो, तोच आपल्याला येईल असे नाही.

फायझर कंपनी हे रसायन मुळात हृदयविकारामुळे छातीत होणाऱ्या वेदनांसाठी तपासत होती. शिश्नाला पुरेशी ताठरता न येण्याच्या तक्रारीसाठी १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला व्हायग्रा या नावाने मान्यता मिळाली. आज भारतात अनेक कंपन्या तेच औषध आपापल्या नावाने विकतात. गोळीने इच्छा निर्माण होत नाही. उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यामुळे वाहिन्या सैल होऊन रक्त भरते, आणि हा परिणाम लवकर ओसरू न देणे एवढेच गोळीचे काम आहे. मधुमेहात नेमके हेच मज्जातंतू आणि हेच अस्तर झिजलेले असते. मधुमेही पुरुषांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनी सुधारणा सांगितली, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी. म्हणजे उपयोग नक्की होतो, पण खात्री नाही.

माझा स्वतःचा अनुभव समाधानकारक आहे. साधारण तासभर आधी आणि हलक्या जेवणावर घेतली तर गुण येतो. तुपातल्या जेवणानंतर घेतल्यास तो उशिरा आणि कमी येतो. डोके जड होणे, चेहरा तापणे, नाक चोंदणे हे त्रास झाले, पण सहन होण्याजोगे होते.

खरी किंमत मला गोळीपेक्षा ती लिहून देण्याआधीच्या तपासणीची वाटली. नव्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडायला लावल्या. त्याआधीच्या दवाखान्यात शुगरचा आकडा पाहून चिठ्ठी मिळत असे आणि हा विषय कधी निघालाच नव्हता. रक्तदाबाच्या औषधांपैकी थायझाइड गटातील लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅटेनोलॉलसारखे जुने बीटा ब्लॉकर यांचा संबंध ताठरतेच्या तक्रारींशी जोडला जातो, टेल्मिसार्टनचा सहसा नाही. मात्र टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एच’ लागला की त्याच गोळीत थायझाइडही असते, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? पायांच्या जळजळीसाठी दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिनसुद्धा याच यादीत येते. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीचा त्रास वेगळा आहे. साखर लघवीवाटे बाहेर टाकली जात असल्याने शिश्नाच्या टोकाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज, लाली आणि त्वचेला भेगा पडतात, आणि संबंध दुखरा होतो. स्वच्छता व बुरशीविरोधी मलम यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण वाढलेली साखर आणि रक्तदाब हीच या तक्रारीची मोठी कारणे आहेत. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि सिल्डेनाफिल त्यानंतरच दिली.

विक्रीची पद्धत मात्र अजिबात पटली नाही. औषध चिठ्ठीवरच द्यायचे असते, तरी काही मेडिकलवाले स्ट्रिप कापून दोन गोळ्या हातावर ठेवतात आणि माहितीपत्रक खोक्यातच राहते. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने, किंवा नायट्रेट गटातले दुसरे कोणतेही औषध घेणाऱ्याने ही गोळी घेतल्यास रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत कोसळू शकतो, आणि मधुमेह्यांत हृदयविकार असलेले लोक काही थोडे नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असल्यास तेही आधी सांगावे लागते. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ज्यांना घड्याळाकडे बघून गोळी घेणे नको वाटते, त्यांनी टॅडालाफिल या याच कामाच्या दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकू शकतो आणि जेवणाचा तिच्यावर फरक पडत नाही. नायट्रेटची मनाई तिलाही तशीच लागू आहे.