डिलन की ज्युडी कॉलिन्स? साठच्या दशकातला आवाज आज समोर बसून ऐकायचा तर

‘तिकीट एकाचंच काढायचंय, दोन्हीकडे जाणं परवडणार नाही, मग कुणाचं काढू?’ हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या लोकसंगीताच्या लाटेतले जे थोडे गायक आतापर्यंत गात आले, त्यांतले बहुतेक ऐंशीच्या पुढे गेलेत. बॉब डिलन आणि पॉल सायमन दोघेही १९४१चे, ज्युडी कॉलिन्स १९३९ची. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हा पर्याय मी धरतच नाही. गॉर्डन लाइटफूटचे २०२३चे कार्यक्रम ठरलेले होते. एप्रिलमध्ये ते रद्द झाले आणि १ मे रोजी तो गेला. जोन बाएझचा निरोपाचा दौरा २८ जुलै २०१९ला माद्रिदमध्ये संपला. तेव्हा ‘नंतर जाऊ’ म्हणून थांबलेल्यांपैकी मीही एक आहे, आणि ती चुटपुट अजून जात नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुनी गाणी जशी कानात बसली आहेत तशीच ऐकायची ओढ असेल, तर ज्युडी कॉलिन्स. डिलनचा २०२० सालचा ‘रफ अँड राउडी वेज’ हा अल्बम निदान दोनतीनदा नीट ऐकला असेल किंवा कार्यक्रमाआधी ऐकायची तयारी असेल, तर डिलन. यांतलं काहीच लागू पडत नसेल आणि गाणं हातभर अंतरावरून ऐकायचं असेल, तर दोघांनाही सोडा आणि शंभर खुर्च्यांचा एखादा हॉल शोधा. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

डिलन

डिलनच्या कार्यक्रमातून हिरमुसून बाहेर पडणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. माझ्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं अर्ध्यातच उठून गेलं. जाताना बाई नवऱ्याला म्हणत होत्या, ‘एकही गाणं ओळखीचं नाही.’ खरं तर तोवर दोन जुनी गाणी होऊन गेली होती. चाल, ताल, शब्दांची फेक इतकी बदललेली होती की त्यांना ती ओळखूच आली नाहीत.

तिकीट काढण्याआधी हे माहीत असायलाच हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीला सुरू झालेल्या ‘रफ अँड राउडी वेज’च्या दौऱ्यात त्याने नव्या अल्बममधल्या दहापैकी नऊ गाण्यांवरच बहुतेक रात्री उभ्या केल्या. ‘ब्लोइंग इन द विंड’ या त्याच्या साठच्या दशकातल्या गाण्याच्या आशेने गेलेले रिकाम्या हाताने परतले. तो पियानोमागे असतो, गिटार क्वचितच हातात घेतो. दोन गाण्यांच्या मधे बोलत नाही. वादकांची ओळख करून दिली तरी पुष्कळ. मोठे पडदे नसतात, प्रकाश मंद आणि पिवळसर असतो. मोबाइल दारातच एका पिशवीत घालून कुलूपबंद करतात. पिशवी आपल्याकडेच राहते, पण बाहेर येईपर्यंत उघडत नाही. टाळ्या कितीही पडल्या तरी परत येऊन आणखी एक गाणं म्हणण्याची रीतही तो पाळत नाही.

आता याच गोष्टींची दुसरी बाजू. गाण्याची चाल बदलणं हा त्याच्या म्हातारपणाचा दोष नव्हे. २५ जुलै १९६५ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि त्याही दिवशी लोक हेच म्हणत होते की आम्ही ज्याला ऐकायला आलो तो हा नव्हे. एकच अभंग दोन गवयांनी दोन चालींत म्हटला तर आपण दोन्ही ऐकतो, तक्रार करत नाही. डिलन हेच स्वतःच्याच गाण्यांशी करतो, एवढाच फरक. हे ध्यानात ठेवून बसलात, तर ‘हे कुठलं गाणं?’ याचा शोध तिसऱ्या ओळीला लागतो, आणि तो क्षण फार गोड असतो.

आवाजाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. २००० नंतरच्या दशकात त्याचा आवाज इतका घोगरा झाला होता की शब्द कळायचे नाहीत. पुढे २०१५ ते २०१७ या काळात त्याने जुन्या अमेरिकन भावगीतांचे तीन अल्बम केले. ही गाणी खेकसून म्हणताच येत नाहीत, स्वर धरावाच लागतो. माझ्या कानांना तरी त्या मेहनतीचा फायदा नंतरच्या कार्यक्रमांत स्पष्ट ऐकू आला. शब्दन् शब्द कळत होता. मी मागे कधीतरी ऐकलेल्या डिलनपेक्षा ऐंशी ओलांडलेला डिलन चांगला गायला, हे मी विचार करून लिहिते आहे.

एक खबरदारी घ्या. २०२४ आणि २०२५ मध्ये तो कंट्री गायक विली नेल्सनच्या ‘आउटलॉ’ महोत्सवातही गायला. तिथे उघड्यावरचं मोठं आवार असतं, तीनचार कलाकार असतात, लोक खातपीत येत-जात असतात आणि डिलनच्या वाट्याला वेळ कमी येतो. फक्त डिलनसाठी जायचं असेल तर बंदिस्त थिएटरातली तारीख येईपर्यंत थांबा. (विली नेल्सन १९३३चा आहे. त्याच्यासाठी गेलात तर माझी काही हरकत नाही.)

ज्युडी कॉलिन्स

इथे सगळंच उलट आहे. हॉल लहान, प्रकाश भरपूर, आणि बाई बोलतात. खूप बोलतात. बारा तारांची गिटार जुळवता जुळवता एक गोष्ट सांगतात, पियानोवर जाऊन बसेपर्यंत दुसरी. १९६६ मध्ये लेनर्ड कोहेन नावाचा एक कॅनडातला कवी आपली गाणी घेऊन त्यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याचं ‘सुझॅन’ रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी त्याला स्टेजवर आणलं, तो गाणं अर्ध्यावर सोडून आत निघून गेला, आणि त्या त्याला हाताला धरून परत घेऊन आल्या. एका रात्री तीन वाजता फोन वाजला आणि पलीकडून जोनी मिचेल नावाच्या कुणा मुलीने स्वतःचं एक गाणं ऐकवलं. ‘बोथ साइड्स नाउ’ त्यांच्यापर्यंत पोचलं ते असं, आणि १९६८ मध्ये त्यांच्याच आवाजात ते घरोघरी गेलं.

म्हणजे तिकीट एका गायिकेचं, पण ऐकायला मिळतो अख्खा काळ. त्या स्वतः गीतलेखनापेक्षा दुसऱ्यांची गाणी पारखण्यासाठी जास्त ओळखल्या गेल्या, त्यामुळे कार्यक्रमात मिचेल येते, कोहेन येतो, डिलनही येतो. डिलनची जुनी गाणी ओळखीच्या चालीत ऐकायची असतील तर ती डिलनकडे नाहीत, इथे आहेत! हे वाचायला गमतीचं वाटेल, पण अगदी शब्दशः खरं आहे.

त्यांचा आवाज टिकला कसा, हे सांगण्यासारखं आहे. लहानपणी त्या शास्त्रीय पियानो शिकल्या. साठच्या दशकात आवाज त्रास देऊ लागला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मॅक्स मार्गुलिस या शिक्षकांकडे जाऊ लागल्या, आणि ही शिकवणी वर्षानुवर्षं चालली. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना गळा शिकवण्याची कल्पनाच पटत नसे. लोकगीत गायचं तर गळा कच्चाच हवा, असा तेव्हा समज होता. वय झाल्यावर या दोन वाटांतला फरक दिसतो. वरचे स्वर त्या अजून लावताना मी ऐकलंय. पातळ, हलके, ताण न देता लावलेले, पण सुरात.

उणं काय, तर सगळं फार नेटकं असतं. गोष्टी ठरलेल्या आहेत. त्यांच्या मुलाखती पाहिल्या असतील तर निम्म्या आधीच माहीत असतात. डिलनकडे आज काय होईल याची जी धाकधूक असते, ती इथे नसते.

आवाजाचं वय

वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, लवचीकपणा जातो, श्वास पुरत नाही. म्हणून गाणी एक-दोन सूर खाली आणली जातात. गिटारवाल्या गायकाकडे पाहिलंत तर हे डोळ्यांनाही दिसतं: जुन्या चित्रफितीत कॅपो (सूर चढवण्यासाठी गिटारच्या तारांवर लावायचा चिमटा) चौथ्या पट्टीवर असतो, आता पहिल्या पट्टीवर, किंवा तारा सरसकट उतरवलेल्या. जोनी मिचेलचं उदाहरण तर प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीचा आजार झाल्यावर तिला बोलणं-चालणं पुन्हा शिकावं लागलं, आणि जुलै २०२२ मध्ये ती न्यूपोर्टला खुर्चीत बसून, मित्रांच्या घोळक्यात, कितीतरी खालच्या आवाजात ‘बोथ साइड्स नाउ’ गायली. तिचे कार्यक्रम इतके क्वचित होतात की निवडीत धरता येत नाहीत. पण जाण्याआधी ते गाणं दोन्ही वयांतल्या आवाजांत लागोपाठ ऐका. खर्जात उतरलेल्या गाण्यात काय असतं, ते त्यातून कळेल, आणि मग कुठल्याही म्हाताऱ्या गायकाकडे गेलात तरी कान वरच्या स्वराची वाट पाहत बसणार नाहीत.

पॉल सायमनबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये त्याने निरोपाचा दौरा केला, नंतर डाव्या कानाचं ऐकू येणं बरंचसं गेलं, तरी २०२५ मध्ये मंद आवाजाला साजेशी सभागृहं निवडून तो परत फिरला. पूर्वार्धात ‘सेव्हन साम्स’ हा तेहतीस मिनिटांचा सलग अल्बम, मध्यंतर, मग जुनी गाणी. गप्प बसून ऐकणाऱ्याला डिलन आणि कॉलिन्स यांच्या मधली ही जागा उत्तम. सोबत चुळबुळ करणारं कुणी असेल तर नको.

शंभर खुर्च्यांचा हॉल

ही लाट सुरू झाली तीच कॉफीहाउसांतून. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा क्लब ४७ हा १९५८चा, जिथे जोन बाएझ अगदी सुरुवातीला गायली. तो आज पासिम या नावाने चालू आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्सचं कॅफे लीना १९६०चं. तिथे १९६१ मध्ये डिलन गायला तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं. अशा जागी त्या पिढीतले कमी गाजलेले गायक येत राहिले. टॉम रश असाच, क्लब ४७मध्ये घडलेला.

मी अशाच एका ठिकाणी ऐंशी ओलांडलेल्या एका गायकाला ऐकलं. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्टेज म्हणजे वीतभर उंच लाकडी फळ्या. मी दुसऱ्या रांगेत, त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर. कॅपो लावताना त्यांचा डावा हात थरथरत होता, इतका की स्प्रिंग दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि मग तो बसला. पण तार छेडल्यावर बोटं थरथरली नाहीत. चौथ्या गाण्यात दुसरं कडवं त्यांना आठवेना. ते थांबले नाहीत, गिटारवर तीच आवर्तनं वाजवत राहिले आणि आमच्याकडे पाहिलं. मागून एका बाईंनी पहिले तीन शब्द हळूच म्हटले. मग सगळ्यांनीच ते कडवं गायलं, आणि त्यांनी डोळे मिटून नुसती साथ केली.

लोकगायक पीट सीगरने हेच आपलं तंत्र बनवलं होतं. ओळ आधी मोठ्याने सांगायची आणि लोकांकडून गाऊन घ्यायची. २०१३ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी ‘फार्म एड’ या शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमाच्या मंचावर त्याचा गळा जवळजवळ उरला नव्हता, तरी हजारो लोक त्याच्याबरोबर गात होते. लोकसंगीत म्हातारपणाला असं सांभाळून घेतं. मोठ्या थिएटरात तुम्ही श्रोते असता, इथे कडवं विसरलं गेलं तर ते तुमच्याकडून अपेक्षित असतं. म्हणून इथे जाताना शब्द पाठ करून जा.

तोटा उघड आहे. अशा रात्रीचा भरवसा नसतो. तब्येत ठीक नसेल तर पाऊण तासात आटोपतं. तारीख रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे तिकिटावर आधी वाचा, आणि दूरच्या गावी जाणार असाल तर विमानाचं तिकीटही बदलता येण्याजोगं काढा.

खुर्ची कुठली घ्यायची

कॉलिन्ससाठी पुढची, शक्यतो पियानोवरचे हात दिसतील अशी. लहान हॉलमध्ये कुठलीही.

डिलनसाठी पुढच्या महागड्या रांगा घेऊ नका. खालून पियानोच्या वर फक्त केस आणि कपाळ दिसतं, वरच्या गॅलरीतून हात आणि चेहरा दिसतो, आणि तिकीटही स्वस्त पडतं. दौऱ्यात आदल्या आठवड्यात काय काय गायलं, ती यादी पाहून जा. आणि शेवटचं गाणं सुरू झालं की पार्किंगच्या गर्दीचा विचार करून उठू नका. मी गेले त्या रात्री दीडपावणेदोन तास पियानोला खिळलेल्या त्या माणसाने शेवटच्या गाण्याच्या शेवटी हार्मोनिका तोंडाला लावली. सात-आठ सूर असतील. माझ्या ओळीतल्या तीन खुर्च्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या.