हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट: कोणी घ्यावा, कसा वापरावा

मे महिन्यात शनिवार-रविवारी घरात दहाबारा माणसं जमणार असतील, तर सागवानी बादलीचा हाताने फिरवायचा पॉट जरूर घ्यावा. चौघांच्या घरासाठी मात्र विकत घेऊ नये, भाड्याने मिळाला तर आणावा. दोन लिटरच्या पॉटलाही पाच किलो बर्फ, सव्वा किलो जाडं मीठ आणि आळीपाळीने हँडल मारणारी तीनचार माणसं लागतात. पण चवीच्या बाबतीत फ्रीजरमध्ये लावलेल्या आइस्क्रीमला याची सर येत नाही. फ्रीजरमध्ये दूध न हलता गोठतं आणि बर्फाचे कण मोठे होतात. पॉटमध्ये बर्फ-मिठाने भरलेल्या बादलीत दुधाचा डबा फिरत असतो, भिंतीला धरलेला पातळ थर लाकडी पाती लगेच खरवडते, म्हणून कण बारीक राहतात. हवाही थोडीच मिसळते, त्यामुळे आंबा तोंडभर लागतो.

घेताना आतला डबा स्टेनलेस स्टीलचाच बघा. जस्ती पत्र्यात आंब्यासारखं आंबट फळ नको. झाकण उघडून रिकामा डबा हाताने फिरवा. पाती भिंतीला सगळीकडे टेकली पाहिजे. फट असेल तर थर खरवडला जात नाही, कडेला दगड आणि मधे पातळ दूध राहतं. बादलीला वरच्या बाजूला पाणी जायला भोक हवं आणि ते झाकणाच्या पातळीखालीच हवं. खरं तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण भोक वर असेल किंवा बर्फाच्या चुऱ्याने बुजलं, तर खारट पाणी झाकणातून आत शिरतं आणि अख्खं आइस्क्रीम वाया जातं.

आदल्या रात्री बादली पाण्याने भरून ठेवा. वर्षभर सुकलेल्या फळ्या फुगून फटी बुजतात. त्याच वेळी एक लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा, त्यात 120 ग्रॅम साखर विरघळवा आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. सकाळी हापूसचा गाळलेला, गार रस 400 ग्रॅम मिसळा. गरम दुधात घातला तर दूध फुटण्याची भीती. आंबा फार गोड असेल तर साखर कमी करा, जास्त साखरेने मिश्रण नीट गोठतच नाही. डबा दोन तृतीयांशच भरा.

बर्फ सुपारीएवढा फोडा. बोटभर जाड थर, वर मूठभर मीठ, असं डब्याच्या झाकणाच्या जरा खालपर्यंत भरत जा. वजनाने चार भाग बर्फाला एक भाग मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढतो. मीठ वाढवून घाई करू नका: कडा एकदम कडक होतात आणि पाती अडकते. पहिली पाच मिनिटं सावकाश फिरवा. दूध अजून न गोठलेलं असताना जोरात घुसळलं तर लोण्याचे कण येतात आणि ते जिभेला चिकट लागतात. नंतर वेग वाढवा, पण थांबू नका. साधारण अर्ध्या तासात हँडल जड होतं. झाकण उघडण्याआधी वरचं मीठ-पाणी ओल्या फडक्याने पुसा. पाती काढून आंब्याच्या फोडी आता घाला, आधी घातल्या तर पातीत अडकतात. झाकण लावा, साठलेलं पाणी काढून नवा बर्फ-मीठ भरा आणि गोणपाटाखाली तासभर मुरू द्या. ही पायरी टाळली तर वाटीत वाढेपर्यंत वितळतं.

शेतावर किंवा नदीकाठी न्यायचा असेल तर बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून न्या, तिथे पोचल्यावरच फोडा. निळसर बर्फ खाण्याचा नसतो: तो फक्त बादलीसाठी, सरबतात कधीच नाही.

बागेची हौस असणाऱ्यांसाठी एक सूचना: उरलेलं खारट पाणी कुंडीत, आळ्यात किंवा गवतावर ओतू नका. मिठाने मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात आणि माती बराच काळ बिघडते. ते मोरीतच जाऊ द्या. साली मात्र खताच्या कुंडीत चालतात. कोयी ताज्या असतानाच पिशवीत लावा. हापूसच्या कोयीतून हापूसच येत नाही, पण रोप कलमासाठी खुंट म्हणून उपयोगी पडतं.

वापर झाल्यावर दातेरी चाकांवरचं मीठ गोड्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर पुढच्या वर्षी ती गंजून घट्ट बसतात. चाकं पुसून त्यांना खाण्याच्या तेलाचा हात लावा. बादली सावलीत उपडी वाळवा, उन्हात फळ्या तडकतात.