हरिपूरच्या पेवाची गोष्ट कोणत्या परवान्याखाली छापावी?

सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवण्याची जुनी पद्धत आहे आणि २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. अशाच एका बुजलेल्या पेवापासून सुरू होणारा भूमिकाखेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, मराठीत लिहावा, तो चार मित्रांत फासे टाकून खेळावा आणि जमल्यास त्याची पुस्तिका काढून विकावी, असे आमच्या गटाने ठरवले. गोष्ट तयार होती, पण नियम कोणाचे घ्यायचे आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, हे ठरेना. त्या वेळी केलेली ही तुलना त्याच वळणावर उभ्या असलेल्या वाचकांसाठी मांडत आहे.

आधी कायद्याविषयी. भारतात प्रताधिकार कल्पनेवर नसून तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे वीस बाजूंचा फासा टाकून यशापयश ठरवण्याची रीत कोणालाही वापरता येते, मात्र ती समजावणारा मजकूर त्याच्या मालकाचा राहतो आणि त्या मजकुराचे भाषांतर करण्याचा हक्कही १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार मालकाकडेच असतो. इंग्रजीत लिहिणारा माणूस नियम स्वतःच्या शब्दांत मांडून मोकळा होतो. आपण बहुधा भाषांतराने सुरुवात करतो, म्हणून परवान्याची गरज आपल्याला अधिक आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध भूमिकाखेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००० साली ओपन गेम लायसन्स, म्हणजे त्याचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, आले आणि त्याच्या आधारावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. त्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द होता, परंतु ‘मागे न घेता येणारा’ असा शब्द नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरवरील उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागणाऱ्या आणि जुना परवाना रद्द ठरवू पाहणाऱ्या त्या मसुद्याविरुद्ध खेळाडूंनी इतका गदारोळ केला की, या खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने त्याच महिन्याच्या २७ तारखेला माघार घेतली. जुना परवाना आजही चालतो, पण त्याचा पूर्ण इंग्रजी मजकूर आणि आधीच्या सर्व हक्कधारकांची यादी प्रत्येक प्रतीत छापावी लागते. बत्तीस पानी मराठी पुस्तिकेला हे ओझे कशाला? नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा पर्याय सोडून द्यावा.

माघारीच्या त्याच दिवशी कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा चारशेहून अधिक पानांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० या परवान्याखाली खुला केला आणि २०२५ मध्ये सुधारित नियमांचा ग्रंथही तसाच दिला. हा परवाना मागे घेता येत नाही. श्रेय द्यावे, परवान्याचा दुवा द्यावा आणि बदल केल्याचे सांगावे, एवढ्याच त्याच्या प्रमुख अटी आहेत. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरे कंपनीनेच दिली, मराठीचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

आणि नेमकी इथे एक अडचण आहे, जी इंग्रजी चर्चांमध्ये सहसा येत नाही. आमच्या गटात ‘सेव्हिंग थ्रो’ला (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) ‘बचाव फासा’ आणि ‘आर्मर क्लास’ला (पात्रावर वार बसणे किती अवघड, हे सांगणारा आकडा) ‘कवचांक’ म्हणायचे, हे ठरायलाच तीन रविवार गेले. मराठीत खरी मेहनत या परिभाषेची आहे. केवळ श्रेयनिर्देश मागणारा परवाना असेल, तर पहिला भाषांतरकार आपले भाषांतर बंद ठेवू शकतो, आणि मग साताऱ्यातल्या दुसऱ्या गटाला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. खेळणारी माणसे मुळात थोडी, त्यांतही दोन गटांचे शब्द वेगळे झाले, तर एका टेबलावरचा खेळाडू दुसऱ्या टेबलावर परका ठरतो.

‘पाथफाइंडर’ हा भूमिकाखेळ काढणाऱ्या पायझो कंपनीच्या पुढाकाराने २०२३ मध्ये पूर्ण झालेला ओआरसी (ओपन आरपीजी क्रिएटिव्ह) परवाना या दृष्टीने अधिक विचारी आहे. त्यात नियमांचा मजकूर आणि त्यावर बेतलेले नियम आपोआप सर्वांसाठी खुले होतात, तर पात्रे, स्थळे, कथानक आणि नाममुद्रा लेखकाकडे राखीव राहतात. म्हणजे कवचांक सर्वांचा, पेवातले भूत आमचे. ‘पाथफाइंडर’ची नोव्हेंबर २०२३ पासूनची सुधारित पुस्तके याच परवान्याखाली आहेत आणि या खेळाचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अडचण परवान्याची नाही, खेळाची आहे: नियम इतके विस्तृत आहेत की नवख्या माणसाला पहिली संध्याकाळ पात्र तयार करण्यातच घालवावी लागते. आपले स्वतःचे छोटे नियम लिहून त्यांना हाच परवाना लावता येतो, हे मात्र विसरू नये.

‘केर्न’ हा छोटेखानी खेळ श्रेयनिर्देश आणि समवाटप ४.० या परवान्याखाली आहे. पात्राला तीन गुण, सामान ठेवायला दहा जागा आणि योद्धा-जादूगार अशी वर्गवारी अजिबात नाही, इतका तो सुटसुटीत आहे. त्याचे भाषांतर विकता येते, पण ते त्याच परवान्याखाली द्यावे लागते, त्यामुळे शब्दसंपदा सामायिक राहते. नियम आणि गोष्ट एकाच मजकुरात मिसळल्यास गोष्टही खुली होण्याचा संभव असतो. म्हणून दोन स्वतंत्र पुस्तिका काढाव्यात.

‘अव्यावसायिक’ अट असलेले परवाने टाळावेत. गणेशोत्सवात वीस रुपये प्रवेशमूल्य घेतले, तरी वादाला जागा राहते. डीएम्स गिल्ड या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर विझार्ड्स ऑफ द कोस्टची काल्पनिक विश्वे वापरता येतात आणि लेखकाला निम्मे उत्पन्न मिळते, परंतु ते लेखन इतरत्र प्रसिद्ध करता येत नाही. सांगलीच्या दुकानात पुस्तिका ठेवू इच्छिणाऱ्याचा तिथे निभाव लागणार नाही.

राहिला प्रश्न खेळाडूंचा. ज्यांना पुण्या-मुंबईतले तयार खेळाडू हवे आहेत, त्यांनी पाचव्या आवृत्तीचे खुले नियम घ्यावेत, कारण ते आधीच अनेकांना पाठ आहेत. घरातल्या, गल्लीतल्या नवख्या माणसांना बसवायचे असेल, तर ‘केर्न’ बरा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिले मराठी नाटक उभे केले, तेव्हा सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. त्या गावातल्या माणसाला हा खेळ समजावायला चारशे पाने लागू नयेत, असे मला वाटते. आम्ही ‘केर्न’ घेतला. नियमांची पुस्तिका समवाटप परवान्याखाली असून तिच्या शेवटी परिभाषेची यादी आहे, आणि पेवाची गोष्ट ‘सर्व हक्क राखीव’ अशा ओळीसह वेगळी बांधली आहे.