ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट टर्बो बसवला, वर मलाच कायद्याची भीती दाखवली

ऑक्टाव्हिया आरएस, सुपर्ब किंवा फोक्सवॅगन ग्रुपची दुसरी कुठलीही टू लिटर टीएसआय गाडी असेल आणि "मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) टाकून घेऊ" असं डोक्यात असेल तर टोकन द्यायच्या आधी हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाहीये कारण प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी सक्त मना केलंय. पण पद्धत सांगतो, पद्धत कळली की गॅरेज कुठलंही असो, ओळखता येईल.

गाडी माझी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ला आलेली २३० हॉर्सपॉवरवाली. तिच्यात कंपनीकडून जपानच्या आयएचआयचा टर्बो येतो, आयएस-२०. याचाच मोठा भाऊ आयएस-३८, जो गोल्फ आर आणि ऑडी एस-३ मध्ये असतो. दोघांचं माउंटिंग जवळपास सारखं, त्यामुळे छोटा काढून मोठा बसवायला फारशी कापाकापी लागत नाही, सोबत डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप), इंटरकूलर (हवा गार करणारा), नवा मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम) केला की साडेतीनशेच्या पुढे हॉर्सपॉवर जाते. म्हणून जगभर हा अपग्रेड फेमस. आणि फेमस आहे म्हणूनच चीनमधून त्याच्या नकला पण ढिगाने येतात, ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी किमतीत, बॉक्सवर स्टिकर सकट.

गॅरेज एकदम चकाचक. लिफ्ट, स्वतःचा डायनो (हॉर्सपॉवर मोजायचं मशीन), एसी वेटिंग रूम, इन्स्टावर रील्सचा पाऊस. मालक गोड बोलणारा, "दादा, तुमच्या गाडीला हात मीच लावणार, पोरांना लावू देणार नाही." कोटेशन ४ लाख ४० हजारांचं, त्यात टर्बो "थेट जपानहून, बॉक्सपॅक", बाकी वर लिहिलेलं सगळं, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचा ट्यून, आणि बाहेरच्या एका नावाजलेल्या ट्यूनिंग कंपनीचा स्टेज थ्री मॅप. पैसे अर्धे यूपीआयने, अर्धे कॅश, कारण "उगाच १८ टक्के जीएसटी कशाला भरताय". हातात मिळालं ते बिल नाही, एस्टिमेट, आणि त्यावर कोपऱ्यात एक छोटा शिक्का, फक्त ऑफ-रोड वापरासाठी. तो शिक्का कशासाठी असतो ते पुढे येईलच.

जुन्या आयएस-२० चं काय, तर तो म्हणाला कोअर (रिपेअरसाठी परत घेतलेला जुना पार्ट) म्हणून मी ठेवून घेतो, २० हजार कमी करतो. मस्त डील वाटते ना? थांबा.

डिलिव्हरीच्या दिवशी डायनोची शीट, ३८२ हॉर्सपॉवर, रील पण काढली. आता ही गाडी रोज वापरायची म्हणजे काय ते पण सांगतो कारण रील्समध्ये हे कोणी दाखवत नाही. छोटा टर्बो दोन हजार आरपीएमच्या आतच जागा व्हायचा, हा तीन हजार ओलांडल्याशिवाय हलत नाही, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तीन हजारला जायची संधी येतेच कुठे. म्हणजे शहरात गाडी आधीपेक्षा ढिम्म. एक्सप्रेसवेला जावं तर तिथे लिमिट १०० आणि जागोजागी कॅमेरे. पेट्रोल साधं चालत नाही, एक्सपी १०० नाहीतर पॉवर ९९, म्हणजे साध्यापेक्षा बरंच महाग आणि ते पण मोजक्याच पंपांवर, गावाला निघायचं तर आधी पंप शोधायचा मग रस्ता. हे सगळं मी हौसेने करत होतो, त्याबद्दल तक्रार नाही, हौसेला मोल नाही म्हणतात. ओरिजिनल टर्बो बसवला असता तरी यातलं बरंचसं झालंच असतं.

तक्रार पुढची आहे. काही महिन्यांत सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. सिग्नलला थोडा वेळ उभं राहून निघालो की मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर धुराचा लोट. वर बूस्टला (टर्बो हवा दाबायला लागला की) एक शिट्टी, आधी बारीक, मग अँब्युलन्ससारखी. गॅरेजवाल्याला फोन केला तर "मोठ्या टर्बोचा आवाज असतोच दादा, लोक त्यासाठीच तर पैसे देतात." धुराचं विचारलं तर "तुम्ही ऑइल कुठलं टाकता?" ऑइल त्यानेच टाकलेलं, बरं का.

मग साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना ईपीसीचा (इंजिनात बिघाड सांगणारा) दिवा लागला आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद आपोआप कमी. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, बायको शेजारी, आणि चार लाखांच्या वर घातलेली गाडी एखाद्या अल्टोला साइड देत घाट चढतेय. स्कॅन केलं तर कोड पी ०२९९, अंडरबूस्ट, म्हणजे हवेचा दाब कमी. एका मित्राकडे डायग्नोस्टिक केबल होती, त्याने लॉग काढला. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) २.६ बार दाब मागतोय, मिळतंय जेमतेम २.१, आणि वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी करणारी झडप) पूर्ण बंद. म्हणजे टर्बो जीव तोडून फिरतोय तरी हवा देऊ शकत नाहीये. या आकड्यांवर ३८२ हॉर्सपॉवर कुठून आली मग? ज्याचा डायनो त्याच्याच हातात कीबोर्ड असतो. शीटच्या खाली बारीक अक्षरात हवेचं तापमान लिहिलेलं असतं, माझ्या शीटवर ४८ डिग्री होतं आणि रन घेतला होता जानेवारीत. तापमान जास्त टाकलं की करेक्शन (हवामानाप्रमाणे आकड्यात केलेली दुरुस्ती) वाढतं आणि हॉर्सपॉवर वर जाते. शिवाय चाकावरची पॉवर किती आणि इंजिनची म्हणून किती टक्के वाढवून छापली तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या गॅरेजला परत न जाता मी गाडी भोसरीला एका टर्बो रिपेअरवाल्या काकांकडे नेली. ते ट्रक आणि जेसीबीचे टर्बो करतात, असल्या हौशी गाड्या त्यांच्याकडे येत नाहीत, आधी तर ते नकोच म्हणत होते. टर्बो उतरवला. इंटरकूलरचा पाइप सोडला तर त्यातून अर्धा कप ऑइल खाली. काकांनी कॉम्प्रेसरच्या चाकाची नट चिमटीत धरून शाफ्ट हलवला. मला सांगत होते, बघा, आडवा थोडा खेळ चालतो, ऑइल भरलं की तो जातो, पण पुढे-मागे हलायला नको. आमचा पुढे-मागे टक टक आवाज करत होता. चाकाच्या पात्यांच्या कडा हाउसिंगला घासून चकचकीत झालेल्या, तिथून निघालेला अॅल्युमिनियमचा कीस आत गेलेला. मग त्यांनी केरोसीनने नेमप्लेट पुसली, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "साहेब, ही पाटी नंतर लावलीय. खालची जागा ग्राइंडरने साफ केलीय बघा." खरंच होतं, पाटीच्या कडेला ग्राइंडिंगच्या रेघा दिसत होत्या. हाउसिंगच्या कास्टिंगवर जिथे अक्षरं उठलेली असायला हवीत तिथे नुसतं गुळगुळीत.

पण एवढ्यावर गॅरेजवाला "काकांना काय कळतंय" म्हणून उडवून लावणार हे माहीत होतं. पुरावा मिळाला तो नाशिकहून. त्याच गॅरेजच्या रीलमध्ये एक निळी आरएस दिसली होती, ओळखीतून तिच्या मालकापर्यंत पोहोचलो, त्यांना म्हटलं तुमच्या टर्बोच्या पाटीचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. पार्ट नंबर तोच, तो तर सगळ्यांचा तोच असतो. पण सिरियल नंबर पण तोच! शेवटच्या आकड्यापर्यंत! दोन वेगळ्या टर्बोंचा सिरियल एक कसा असेल? कोणीतरी एका खऱ्या पाटीचा फोटो बघून पाट्यांचा गठ्ठाच कोरून घेतलाय.

मग मॅपच्या मागे लागलो. ज्या कंपनीचं नाव सांगून मॅप विकला त्यांना मेल केला, गाडीचा व्हीआयएन (चॅसी नंबर) दिला. दोन ओळींचं उत्तर आलं की या व्हीआयएनवर आमचं कुठलंही लायसन्स नाही. म्हणजे फाइल चोरीची. आणि त्यावर याने स्वतःचं लॉक टाकून ठेवलेलं, दुसरा ट्यूनर ईसीयू वाचायला गेला तर वाचताच येईना. अनलॉकचे ३५ हजार वेगळे, असं मला तोंडावर सांगितलं. गाडी माझी, ईसीयू माझा, फाइल दुसऱ्याची चोरलेली आणि कुलपाचे पैसे यांना.

फोटो, लॉग, मेल सगळं घेऊन गेलो तेव्हा गोड बोलणं संपलं. म्हणाला, "कुठे जाणार तक्रार घेऊन? गाडी मॉडिफाय केलीय, कलम ५२ माहितीये ना, आरटीओ तुमचीच गाडी उचलेल. आणि एस्टिमेटवर ऑफ-रोडचा शिक्का आहे, रस्त्यावर चालवली तर जबाबदारी तुमची." इथे खरी गोम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल गाडीत करायचे नाहीत हे खरं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, इन्शुरन्सवालेही न कळवलेल्या मॉडिफिकेशनवरून क्लेम अडवू शकतात. या लोकांना हे पक्कं माहीत असतं आणि धंदा त्याच भीतीवर चालतो. गिऱ्हाईक गप्प बसणार हे गृहीत धरूनच नकली माल बसवतात, कारण घाबरलेला माणूस बिल पण मागत नाही.

वकिलांनी मात्र साफ सांगितलं की बदल चालतो की नाही हा तुमचा आणि आरटीओचा विषय, त्यात काही निघालं तर ते तुम्ही बघाल, पण नकली वस्तू ओरिजिनल सांगून विकली ही फसवणूक वेगळी आहे आणि ती शिक्का मारून धुतली जात नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. कॅशच्या अर्ध्याचं काय, तर व्हॉट्सअॅपवर त्याने "दादा २.१ मिळाले" असं स्वतः लिहिलेलं होतं, ते कामाला आलं. व्हॉइस नोट्स पण सगळ्या ठेवल्यात, त्यात "जपानहून बॉक्सपॅक" त्याच्याच आवाजात आहे.

नोटीस गेल्यावर फोन आला, तडजोडीचा. दीड लाख देतो, गप्प बसा, नाशिकवाल्यांना पण समजवा. आम्ही दोघांनी नाही म्हटलं. दरम्यान गाडी स्टॉकला आणायची तर आयएस-२० हवा, तो कुठेच मिळेना, शेवटी दुसऱ्याच माणसाच्या नावाने चौकशी केली तर याच गॅरेजने "कमी चाललेला" आयएस-२० ९० हजारांना सांगितला. माझ्याकडून २० हजारांत घेतलेलाच तो असेल की दुसऱ्या कोणाचा, देव जाणे. म्हणून म्हणतो, जुना टर्बो घरी आणा, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका पण देऊ नका. नवा बसवायच्या आधी सील बंद बॉक्स तुमच्यासमोर उघडायला लावा, पाटीचा फोटो काढा, आयात केलाय म्हणतात तर बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सच्या आयात कागदाची) कॉपी मागा. मॅपचं लायसन्स पैसे द्यायच्या आधी कंपनीकडून मेलवर कन्फर्म करा. यातल्या एकाही गोष्टीला "दादा, विश्वास नाही का आमच्यावर" असं उत्तर आलं तर गाडी वळवून घरी या.

सध्या गाडीत गुजरातहून मागवलेला वापरलेला आयएस-२० आहे, तो बसवायच्या आधी काकांनी बॅलन्स करून दिला. ईसीयू गाडीतून काढून, टेबलावर उघडून त्यात मूळ फाइल टाकून घेतली. नकली टर्बो सीलबंद करून वकिलांकडे. पुण्यात आयएस-३८ बसवून घेतलेला कोणी वाचत असेल तर उन्हाळ्याआधी एकदा हीट शील्ड काढून पाटीचा सिरियल बघा, माझा २७४ वर संपतो. जुळला तर सांगा, आयोगात आम्ही दोघंच आहोत, तिसरा मिळाला तर बरं होईल.