५१२ की १२८? दवाखान्यासाठी ट्यूनिंग फोर्क घेताना

नाशिकच्या गोळे कॉलनीत फोर्क (ठोकल्यावर एकाच सुरात थरथरणारा धातूचा दुपाती काटा) आणायला जाण्याआधी एवढं ठरवा: तुमच्या ओपीडीत कानाची तक्रार जास्त येते की पायाची? १२८, २५६ आणि ५१२ हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) हे तिघं दिसायला सख्खी भावंडं, पण कामं वेगळी. 'मधला घे, दोन्हीकडे चालतो' असं एखादा सीनिअर हमखास सांगतो. माझ्या मते पहिल्या खरेदीला तरी ते ऐकू नये.

कानासाठी ५१२ घ्या. खालच्या सुराचा फोर्क कानामागच्या हाडावर टेकवला की आवाजापेक्षा थरथर जास्त जाणवते. पेशंट 'हो, कळतंय' म्हणतो, पण ऐकू येतंय म्हणून की हाड थरथरतंय म्हणून, हे आपल्याला उमगत नाही. १०२४ चा सूर उलट फार लवकर विरतो. ५१२ मध्ये या दोन्ही अडचणी सोसण्याइतक्या राहतात. २५६ ची एक बाजू मात्र खरी आहे: बाहेरच्या किंवा मधल्या कानातला साधारण १५-२० डेसिबलचा दोषही त्यावर रिने चाचणी निगेटिव्ह (कानासमोरच्या हवेपेक्षा हाडावरून आवाज जास्त) दाखवू शकतो, ५१२ वर तो २५-३० च्या आसपास जावा लागतो. त्यामुळे ईएनटीवाल्याने दोन्ही ठेवावेत, जनरल प्रॅक्टिसला ५१२ पुरतो.

फोर्क कुठलाही असो, रिने एकटा करू नका. एक कान पूर्ण गेलेला असेल तर हाडावरचा आवाज पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतो आणि रिने खोटाच निगेटिव्ह येतो. वेबर केला, म्हणजे फोर्क कपाळाच्या मधोमध टेकवून कुठल्या कानाला ऐकू येतं ते विचारलं, की सूर चांगल्या कानाकडे गेलेला दिसतो आणि बिंग फुटतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यातला, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधला कामगार आला तर फोर्कवर विसंबूच नका. गोंगाटाने होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. ५१२ वर त्याचं सगळं ठीकच निघेल. त्याला सरळ ऑडिओग्रामला (यंत्रावर प्रत्येक सुराला ऐकू येण्याची तपासणी) पाठवा.

पायासाठी, म्हणजे तिथल्या नसांना थरथर कळते का हे बघायला, १२८, टोकांना वजनं असलेला. आधी मनगटावर टेकवून 'ही थरथर' असं दाखवायचं, मग डोळे मिटायला लावून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर. मध्येच न सांगता फोर्क हाताने थांबवून बघा. तरीही 'जाणवतंय' म्हणाला तर तो तुम्हाला खूश करतोय. उतारवयात घोट्याखालची ही जाणीव तशीही मंदावते, हे लक्षात असू द्या.

याच कामाचा रायडेल-सायफर फोर्कही मिळतो. त्यावर ० ते ८ ची मोजपट्टी असते, म्हणजे केसपेपरवर 'कमी' ऐवजी आकडा लिहिता येतो. महाग पडतो, पण मधुमेहींचा फॉलोअप वर्षानुवर्षं ठेवणार असाल तर मी हाच घेईन. बायोथेसिओमीटर, म्हणजे विजेवर थरथर वाढवत नेणारं यंत्र, त्याहून नेमका: ० ते ५० व्होल्ट, आणि थरथर जाणवायला २५ च्या वर जावं लागलं की पायाला जखम होण्याचा धोका जास्त. पण ते यंत्र पेठ-सुरगाण्याच्या शिबिरात नेणं आणि खिशातून फोर्क काढणं यात फरक आहे. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तळव्यावर टेकवायचा नायलॉनचा जाड धागा) या दोघांच्या जागी येत नाही. तो दाबाची जाणीव तपासतो, म्हणून तो सोबत हवाच. श्रावणात अनवाणी ब्रह्मगिरीची फेरी घालायची म्हणणाऱ्या मधुमेहीला दोन्ही तपासल्याशिवाय 'जा' म्हणू नये.

धातूचं म्हणाल तर ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त आणि गंजत नाही. स्टील जड, पण सूर जास्त वेळ धरतं. फोर्क टेबलावर आपटू नका, नको ते वरचे सूर मिसळतात. कोपर, गुडघा किंवा रबरी पॅड बरा. घेताना दांड्याच्या टोकाला चपटा पाया आहे ना बघा, तो नसेल तर हाडावर नीट बसत नाही. मोबाइलवर हर्ट्झ दाखवणारं ट्यूनर ॲप असेल तर ५१२ चा फोर्क दुकानातच वाजवून बघा. आकडा फारच हलला तर दुसरा मागा.